लहान गटाची नीती : ‘शांतता! कोर्ट चालू आहे’च्या निमित्ताने

समूहाच्या नैतिकतेची चर्चा करताना सामान्यतः जमावाचे उदाहरण समोर ठेवले जाते. गुस्ताव्ह ल बों याच्या १८९५ मधील ग्रंथापासून रूढ झालेली मांडणी अशी, की जमावात व्यक्ती अनामिक होते, तिची जबाबदारीची जाणीव क्षीण होते आणि एरवी जे तिने केले नसते ते ती करून बसते. सात-आठ परिचितांच्या गटाला मात्र ही मांडणी लागू पडत नाही. हौशी नाट्यमंडळ, भिशी, कार्यालयात एकत्र डबा खाणारी मंडळी, अभ्यासमंडळाची बैठक, यांत कोणीही अनामिक नसतो. प्रत्येकाला प्रत्येकाचे नाव, नोकरी, घर आणि बहुधा दुखरी जागाही ठाऊक असते. असे असूनही अशा गटांत क्रौर्य घडते; किंबहुना परिचयाने पुरवलेल्या साधनांनीच ते घडते. त्याची जबाबदारी कोणाची, आणि ती अनेकांत वाटली गेल्यामुळे प्रत्येकाच्या वाट्याला कमी येते काय, हा येथे विचारार्थ घेतलेला प्रश्न आहे.

विजय तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ हे नाटक १९६७ मध्ये ‘रंगायन’ने अरविंद देशपांडे यांच्या दिग्दर्शनाखाली रंगमंचावर आणले. पुरुषप्रधान व्यवस्था आणि मध्यमवर्गीय दांभिकता या अंगांनी त्याची पुष्कळ समीक्षा झाली आहे व ती उचितच आहे. तथापि लीला बेणारेला दोषी ठरवण्याची इच्छा या मंडळींत कोठून आली हे त्या समीक्षेने सांगितले, तरी ती इच्छा कृतीत कशी उतरली हा प्रश्न उरतो. अभिरूप न्यायालयाचा प्रयोग करण्यासाठी एका गावी आलेली ही मंडळी कट करून आलेली नाहीत. दुपार रिकामी आहे, एक नट आलेला नाही, त्याच्या जागी उभ्या करायच्या सामंताला न्यायालयाचे कामकाज माहीत नाही. म्हणून त्याला समजावे यासाठी एक लुटुपुटीचा खटला रचला जातो. आरोपी कोण हे बेणारे खोलीत नसताना ठरते. म्हणजेच आरंभी जे आहे ते केवळ एक निमित्त आहे, आणि ते निमित्त निरुपद्रवी आहे.

पुढे जे घडते त्यात दोन गोष्टी निर्णायक ठरतात. पहिली म्हणजे ‘खेळ’ ही संज्ञा. खेळात उच्चारलेले वाक्य बोलणाऱ्याचे नसते, भूमिकेचे असते. परंतु ज्याच्याविषयी ते उच्चारले जाते तो माणूस खराच असतो. रोकडे, पोंक्षे आणि कर्णिक साक्षीच्या पिंजऱ्यात जे सांगतात ते प्रत्यक्ष आयुष्यातून आणलेले असते. खऱ्या माहितीला खोट्या न्यायालयाचे संरक्षण मिळते. महाराष्ट्राने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध केलेला कायदा जातपंचायतीच्या निर्णयाला हात घालू शकतो, कारण तेथे निर्णय हा निर्णय म्हणूनच दिला जातो. येथे तसे काहीच हाती लागत नाही. न्यायाधीश झालेले काशीकर गर्भ नष्ट करण्याची शिक्षा सुनावतात आणि प्रयोगाची वेळ होताच, हा सारा खेळ होता, अशी बेणारेची समजूत घातली जाते.

दुसरी गोष्ट भूमिकांच्या वाटपाची. सुखात्मे हेच सरकारी वकील आहेत आणि तेच आरोपीचेही वकील आहेत. नाटकात याचा विनोदी उपयोग होतो, म्हणून त्याचे महत्त्व नजरेतून निसटण्याचा संभव आहे. या मंडळात हरकतीची जागा रिकामी नाही. ती भरलेली आहे, आणि भरलेली असल्यामुळेच दुसऱ्या कोणाला ती घेण्याची गरज भासत नाही. बचावाचे भाषण औपचारिकपणे उरकले जाते. लहान गटात मतभेद दडपण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे तो कोणाला तरी नेमून देणे.

या ठिकाणी समाजशास्त्रातील दोन निरीक्षणे उपयोगी पडतात. गेऑर्ग झिमेल याने १९०८ मध्ये दाखवून दिले, की दोघांच्या संबंधात कोणीही आपली जबाबदारी ‘गटा’वर ढकलू शकत नाही, कारण एक निघून गेला की गटच उरत नाही. तिसरा आल्यावर मात्र व्यक्तींहून निराळे, व्यक्तींच्या डोक्यावरचे असे काहीतरी अस्तित्वात येते. सॉलोमन अॅश या मानसशास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात रेषांच्या लांबीची तुलना करावयास सांगून केलेले प्रयोग याच्याशी ताडून पाहण्यासारखे आहेत. आधी शिकवून ठेवलेले सर्वजण एकमुखाने चुकीचे उत्तर देत, तेव्हा प्रयोगाखालील व्यक्तींची सुमारे एक तृतीयांश उत्तरे चुकीच्या बहुमताकडे झुकत. विरोधात एकच असेल तर परिणाम नगण्य असे. तिघे झाले की तो जवळजवळ पूर्ण होई. आणि गटातील एकाने जरी वेगळे उत्तर दिले, तरी झुकण्याचे प्रमाण सुमारे एक चतुर्थांशावर येई. विशेष म्हणजे त्या एकाचे उत्तर बरोबर असण्याचीही आवश्यकता नसे. एकमत मोडले जाणे बहुतांशी पुरेसे ठरे.

अॅशच्या प्रयोगातील माणसे बहुधा परस्परांना अपरिचित होती आणि प्रश्न नजरेचा होता. तेंडुलकरांच्या मंडळात परिचय आहे आणि प्रश्न नीतीचा आहे. तेव्हा एकावरून दुसरे सिद्ध होत नाही. परंतु जबाबदारीच्या वाटपाविषयी एक महत्त्वाचा निष्कर्ष त्यातून सुचतो. दहा हजारांच्या जमावात एकट्याचा नकार हवेत विरून जातो. आठांच्या गटात तो विरत नाही. तो एकमत मोडतो आणि दुसऱ्याला बोलण्याची मोकळीक देतो. ज्याच्या एका शब्दाने घटना अडू शकत होती, त्याचे मौन हा अपराधाचा एक अष्टमांश हिस्सा मानता येत नाही. लहान गटात जबाबदारी वाटली जात नाही. ती प्रत्येकावर संपूर्ण पडते. गट जितका लहान, तितकी ‘मी एकटा काय करणार’ ही सबब दुबळी.

यावर एक आक्षेप संभवतो. सर्वांची स्थिती सारखी नसते. रोकडे काशीकर दांपत्याच्या आश्रयाने वाढलेला आहे. त्याच्या नकाराची किंमत सुखात्मे यांच्या नकारापेक्षा कितीतरी अधिक आहे. हा आक्षेप ग्राह्य आहे. परंतु त्याने दोष किती द्यावा याचे उत्तर बदलते, जबाबदारी कोणाची याचे नव्हे. अनुपस्थित प्राध्यापक दामले यांचे उदाहरण याची दुसरी बाजू दाखवते. ज्याच्या उपस्थितीने खटल्याचे स्वरूपच पालटले असते, तो गैरहजर राहून सुरक्षित राहतो. लहान गटात गैरहजेरीही कृतीच ठरू शकते.

खरी कसोटी सामंताची आहे. तो या मंडळाचा नाही, त्याला बेणारेविषयी आकस नाही, उलट कणव आहे. तरीही साक्षीत तो जवळच्या एका कादंबरीतील प्रसंग रचून सांगतो, आणि निव्वळ कल्पित असलेली ती साक्ष बेणारेच्या वास्तवाशी जुळते. त्याच्या हेतूत पाप नाही. पण चांगला हेतू गटाच्या यंत्रणेत किती सहज जुंपला जातो याचे इतके स्पष्ट उदाहरण मराठी नाटकात क्वचितच सापडेल. शेवटी, निश्चल पडलेल्या बेणारेजवळ तो पुतण्यासाठी आणलेला कापडी पोपट ठेवतो. ही कृती हृद्य आहे, यात शंका नाही. परंतु नीतीच्या दृष्टीने ती उशिराची आहे. बेणारेचे आयुष्य माहीत नसतानाही, हे थांबवा, एवढे म्हणणे त्याला शक्य होते. अॅशच्या प्रयोगातील भिन्न उत्तर देणाऱ्याप्रमाणे त्यालाही सत्य ठाऊक असण्याची गरज नव्हती.

करुणा आणि हरकत यांतील हा फरक नीतिविचारात पुरेसा अधोरेखित झालेला नाही. करुणा घटनेनंतरही व्यक्त करता येते आणि तिच्यासाठी गटाशी संबंध तोडावे लागत नाहीत. हरकतीला वेळ असते. ती भूमिकेबाहेर येऊन, खेळ चालू असतानाच घ्यावी लागते आणि तिच्यामुळे घेणारा स्वतःच पुढचा आरोपी होण्याचा धोका असतो. बेणारेचे प्रदीर्घ स्वगत चालू असताना रंगमंचावरील सर्वजण गोठलेले असतात. ते ऐकतो तो केवळ प्रेक्षक. मंडळातील कोणी तरी ते ऐकावे, अशी जागा निर्माण करणे ही त्या आठांपैकी प्रत्येकाची, एकेकट्याची, जबाबदारी होती.