दोन काचांमधलं झाड

आजचा श्लोक गीतेतला ३.२७. सगळी कर्मं प्रकृतीच्या गुणांकडून होतात आणि अहंकारात गुरफटलेला माणूस "मीच केलं" म्हणत बसतो, असा त्याचा भाव. हा वाचला की मला जस्ताचं झाड आठवतं.

झिंक सल्फेटच्या द्रावणाचा पातळ थर दोन काचांमध्ये धरून वीज सोडली की ऋण ध्रुवावर जस्त जमायला लागतं. त्याला फांद्या फुटतात, फांद्यांना उपफांद्या. आराखडा कुठेच नसतो! भटकणारा कण जिथे टेकेल तिथे चिकटतो, एवढ्या एका नियमातून अशी नक्षी उमटते हे विटेन आणि सँडर यांनी १९८१ साली दाखवलं. कोड लिहायला घेतला तर एक पानही भरत नाही. जरासं पुढे आलेलं टोक येणारे कण आधी पकडतं, म्हणून ते आणखी पुढे जातं. मागच्या खाचेपर्यंत काही पोचतच नाही.

आमच्या लांज्याकडे बघा. महामार्गाला एक दुकान निघालं की शेजारी दुसरं, मग बँक, मग क्लास. आतल्या वाडीत मुलं कमी, म्हणून शाळेचा पट कमी, म्हणून उरलेलं कुटुंबही मुंबईला. घरं उघडतात ती गणपतीला आणि शिमग्याला. वाडी कोणी रिकामी केली? कुणीच नाही. प्रत्येकाने आपल्यापुरता शहाणपणाचाच निर्णय घेतला.

मग "गुणच करतात, मी कुठे कर्ता" म्हणून मोकळं व्हायचं? बरेच जण होतात, तेही भक्तीच्या भाषेत. मला ते खटकतं. फांदी कुठे वळेल हे कुणाच्या हातात नसतं, मान्य. पण प्लेटिंग करणारा प्रवाह कमी ठेवतो, द्रावण ढवळतो, आणि झाडाऐवजी बराचसा सपाट थर बसतो. शिवाय तो द्रावणात लेव्हलर घालतो. हे रेणू वर आलेल्या टोकांवरच जास्त जाऊन बसतात, तिथली वाढ मंदावते आणि खाचा भरून येतात. तोही प्रकृतीचाच भाग ना! एकही नियम मोडत नाही.

आणि ३.२७ नंतर तीनच श्लोकांनी, ३.३० मध्ये, अर्जुनाला लढायलाच सांगितलंय.

पुण्या-मुंबईत नीट बस्तान बसलेले आपण म्हणजे पुढे गेलेली टोकंच. यंदा गणपतीला वाडीत जाल तेव्हा शाळेचा पट किती उरलाय, एवढं विचारून या.