दिलेला गोल

फळाची इच्छा असतानाही कर्म निष्काम असू शकते का? इंग्लंडच्या फुटबॉलमधील दुसऱ्या श्रेणीच्या, म्हणजे चॅम्पियनशिपच्या, 2018-19च्या हंगामात या प्रश्नाला एक ठोस उदाहरण मिळते. 28 एप्रिल 2019 रोजी अ‍ॅस्टन व्हिलाचा एक खेळाडू जखमी होऊन पडलेला असताना लीड्सने गोल केला. नियमात तो बसत होता. तरीही लीड्सचे प्रशिक्षक मार्सेलो बिएल्सा यांनी आपल्या खेळाडूंना बाजूला होऊन व्हिलाला बरोबरी साधू द्यायला सांगितले. सामना 1-1 असा सुटला. लीड्सला विजय नको होता असे मुळीच नाही. त्यांच्याच एका बचावपटूने व्हिलाचा तो गोल अडवण्याचा प्रयत्न केला. मला वाटते, निष्कामता म्हणजे इच्छेचा अभाव नव्हे. काय करायचे हे इच्छेला ठरवू न देणे, एवढाच तिचा अर्थ आहे.

यावर आक्षेप असा की, वरच्या श्रेणीतील थेट बढतीसाठी लीड्सशी स्पर्धा करणाऱ्या शेफील्ड युनायटेडची बढती तोवर जवळपास निश्चित होती, म्हणून हा त्याग स्वस्त होता. शिवाय याच बिएल्सांनी जानेवारीत डर्बी या प्रतिस्पर्धी संघाचा सराव चोरून पाहायला माणूस पाठवला होता. त्याबद्दल क्लबला 2 लाख पौंड दंड झाला. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण टिळकांनी ‘गीतारहस्या’त कर्माच्या बाह्य परिणामापेक्षा कर्त्याच्या बुद्धीला कसोटी मानले. त्यागाची किंमत हा बाह्य हिशेब झाला, आणि जानेवारीतली चूक एप्रिलमधल्या निर्णयाला खोटे ठरवत नाही. पुढे लीड्स प्लेऑफमध्ये डर्बीकडूनच हरले, बढती व्हिलाला मिळाली.