पाहुण्यांची शिदोरी

॥ श्री गुरुदेव दत्त ॥
फाल्गुन सरत आला. गेल्या रविवारी आम्ही मुळगावची मंडळी केळबाई देवीला नमस्कार करून मुलांसह करमळीच्या तळ्यावर गेलो. हिवाळ्याला आलेली तलवार बदके उत्तरेकडे परतायच्या बेतात होती. फोटोसाठी आम्हीच टाळ्या वाजवल्या. थवा उडाला, मुले हसली. मागाहून मनाला लागले.

हजारो किलोमीटरच्या वाटेसाठी हे जीव अंगात चरबी साठवतात. उगाच उडवले की तीच शिदोरी खर्च होते. देवळात आपण मूर्तीला हलवतो काय? लांबूनच हात जोडतो ना? तसेच इथेही. न बोलता पाहणे हीसुद्धा सेवाच.

आपणही इथले पाहुणेच. आपली शिदोरी नामाची. येत्या रविवारी मोबाईल खिशात ठेवून येऊया.
जय गुरुदेव 🙏