आधी पाणी की आधी फळ?

वाचकहो, मनुष्याची योग्यता सिद्ध झाल्यावर त्यास साहाय्य द्यावे, की साहाय्य देऊन ती सिद्ध होऊ द्यावी? द्रव्य थोडे असता पारख करून द्यावे, हे म्हणणे अगदीच खोटे नव्हे. तथापि कॅरिबियन समुद्रातील जमैका बेटाकडे पाहा.

तेथील स्त्रियांचा फुटबॉल संघ द्रव्याभावी मोडला होता. सन २०१४ त सेडेला मार्लीबाईंनी वर्गणी जमवून तो पुन्हा उभा केला. सन २०१९ त तो प्रथमच जागतिक स्पर्धेत गेला व तिन्ही सामने हरला. ‘पैसा व्यर्थ गेला,’ असे म्हणणे तेव्हा सोपे होते. सन २०२३ च्या स्पर्धेपूर्वी अपुऱ्या तरतुदीविषयी खेळाडूंस जाहीर तक्रार करावी लागली. एकीच्या आईने तर लोकांपुढे पदर पसरला. त्याच संघाने पहिल्या तीन सामन्यांत एकही गोल होऊ दिला नाही. ब्राझीलचा बलाढ्य संघ त्यांच्याशी बरोबरी होऊन स्पर्धेबाहेर गेला, आणि जमैका शेवटच्या सोळांत पोहोचला.

जयघोषास सारेच धावतात. परंतु फळ दिसण्यापूर्वी जिने पाणी घातले, त्या आईचा वाटा आम्हांस मोठा वाटतो. ‘आधी काही करून दाखव,’ असे आपल्या मुलीस म्हणण्यापूर्वी, आपण तिला काय दिले, हे प्रत्येकाने स्वतःस विचारावे.