ठरल्या वेळी, ठरल्या जागी

साताऱ्याची एक मुलगी पुण्यातल्या एका प्रवासी कंपनीत टूर लीडर होती. चार-पाच वर्षांत तिनं अर्धं जग पालथं घातलं. टोकियोच्या गर्दीच्या स्टेशनात चाळीस जणांना एकत्र ठेवणं, स्वित्झर्लंडच्या बर्फात एखाद्या आजोबांना हाताला धरून नेणं, बसमध्ये कंटाळलेल्या पोरांना गोष्टींत रमवणं, हे सगळं तिला छान जमे. सहल संपली की मुंबईच्या विमानतळावर काकू-मावश्या तिला जवळ घेत, डोळे पुसत. पुढच्या आठवड्यात कंपनीचा झेंडा हातात धरून ती नव्या चाळीस जणांसमोर उभी असे.

पुढं शिकायचं म्हणून ती मेलबर्नला गेली. ऑस्ट्रेलियाच्या विद्यार्थी व्हिसासाठी वर्षभराच्या राहण्या-खाण्याचे २९,७१० डॉलर जवळ असल्याचं दाखवावं लागतं. साठवलेले पैसे आणि वडिलांनी काढलेलं कर्ज मिळून तिनं ते दाखवलं. पण घरभाडं, किराणा, पुस्तकं यांत पैसा भराभर जाऊ लागला. विद्यार्थ्यांना अभ्यासाच्या काळात पंधरवड्याला ४८ तासांपर्यंत काम करता येतं. आपल्याला मुलांची हौस आहे, तेव्हा शाळा सुटल्यावर मुलं सांभाळायचं काम शोधावं, असं तिनं ठरवलं.

तयारी तिनं मनापासून केली. व्हिक्टोरिया राज्यात मुलांजवळ काम करणाऱ्यांची पार्श्वभूमी तपासून सरकार पाच वर्षांसाठी एक कार्ड देतं; त्याला वर्किंग विथ चिल्ड्रन चेक म्हणतात. ते तिनं काढलं. प्रथमोपचाराचा वर्ग केला. मुलाला दम लागला तर दम्याच्या पंपाचा एकेक झोत स्पेसर नावाच्या नळकांड्यातून द्यायचा, प्रत्येक झोताला चार श्वास, असे चार झोत, मग चार मिनिटं थांबायचं, उतार नसेल तर पुन्हा तसंच करायचं आणि तरीही उतार नसेल तर शून्य-शून्य-शून्य या आपत्कालीन क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवायची, हे तिनं पाठ केलं. आणि अर्जात पहिलंच वाक्य लिहिलं, “मी अठरा देश पाहिले आहेत.”

उत्तरं गोड आली, काम मात्र मिळेना. एका वडिलांनी तेवढं स्पष्ट विचारलं, “सुट्टी लागली की तुम्ही एकोणिसावा देश पाहायला जाणार ना?”

शेवटी मेलबर्नच्या ब्रन्सविक भागातल्या एका घरानं बोलावलं. त्या घरातल्या लहान मुलीची आई रुग्णालयात परिचारिका होती. आठवड्यातले तीन दिवस तिला दुपारची पाळी असे. आजी घरात होत्या, पण गुडघ्यांमुळे त्यांना शाळेपर्यंत चालवत नव्हतं. सगळे त्यांना नोन्ना म्हणत. नोन्ना सात वर्षांच्या असताना आईवडिलांबरोबर इटलीहून बोटीनं आल्या आणि स्टेशन पिअरच्या धक्क्यावर उतरल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर हजारो इटालियन कुटुंबं अशी मेलबर्नला आली. त्यातली कितीतरी याच भागात स्थिरावली. नोन्नांनी आयुष्यात तेवढा एकच मोठा प्रवास केला होता.

त्यांनी अर्ज वाचला, चष्मा काढला आणि विचारलं, “या अठरा देशांत तुझी वाट पाहणारं कोण आहे?”

मुलगी गप्प झाली. किती शहरांची नावं तिला तोंडपाठ होती, पण असं माणूस एकाही शहरात नव्हतं. थोड्या वेळानं ती म्हणाली, “तिथं कुणी नाही, नोन्ना. साताऱ्यात आई पाहते. रविवारी माझा फोन यायचा असला की ती सकाळपासून बाहेर पडत नाही.”

“मग वाट पाहणं काय असतं ते तुला ठाऊक आहे,” नोन्ना म्हणाल्या. “मंगळवारपासून ये.”

नात पाच वर्षांची होती, नुकतीच शाळेत जाऊ लागली होती. पहिल्या दिवशी ती साताऱ्याच्या या नव्या ताईचा हात न धरताच चालली. ताईनं टूर लीडरची सगळी शिदोरी उघडली. जपानी कागदाचा पक्षी करून दिला, परदेशी नाणी दाखवली, थायलंडमधल्या हत्तींची गोष्ट सांगितली. छोटी मुलगी ऐकून घेई आणि प्रत्येक वेळी एकच प्रश्न विचारी, “तू कधी जाणार?”

ताई खचली. तिनं नोन्नांना कारण विचारलं, तेव्हा कळलं की तिच्याआधी तिघीजणी येऊन गेल्या होत्या. तिघीही जग बघायला निघालेल्या, हसऱ्या, प्रेमळ. आणि पुढच्या गावाची ओढ लागताच एक दिवस न सांगता गेलेल्या. मुलीनं आता नव्या माणसाचं नाव लक्षात ठेवणंच सोडून दिलं होतं.

“तिला रोज काहीतरी नवं दाखवू नकोस,” नोन्ना म्हणाल्या. “रोज त्याच जागी उभी राहा.”

ताईनं तसंच केलं. शाळेच्या आवारात पेपरकॉर्नचं एक जुनं झाड होतं. साडेतीनची घंटा होण्याआधी ती त्याच्याखाली उभी असे. ऑगस्टच्या मध्यापासून एप्रिल संपेपर्यंत तिथल्या बहुतेक प्राथमिक शाळांत टोपीशिवाय उन्हात खेळू देत नाहीत, म्हणून निघताना टोपी दप्तरात आहे ना ते ती पाही. मग सफरचंदाच्या फोडी, मग तोच रस्ता, त्याच कुंपणाआडच्या कुत्र्याला हाक. सांगण्यासारखं त्यात काही नव्हतं.

एके दिवशी ताईच्या वर्गातल्या मित्रमैत्रिणींनी ग्रेट ओशन रोडची सहल ठरवली. तिथले समुद्रातले उंच खडक पाहायची तिची फार इच्छा होती. पण निघायचं होतं गुरुवारी, आणि गुरुवारी येते असं तिनं मुलीला सांगितलं होतं. ती गेली नाही. नेमकी त्याच दुपारी सिडनी रोडवर १९ नंबरची ट्राम अडकून पडली. ती खाली उतरली आणि भराभर चालत, मध्ये मध्ये धावत शाळेत पोहोचली. घंटा होत होती. घामेजलेल्या ताईकडे मुलीनं नीट पाहिलं, काही बोलली नाही, आणि आपलं दप्तर तिच्या हातात दिलं. घरी जाताना हातही दिला.

जूनमध्ये परीक्षा आली. त्या आठवड्यात ताईला येता येणार नव्हतं. तिनं ते लपवलं नाही. फ्रिजवरच्या कॅलेंडरवर मुलीसमोर बसून न येण्याच्या दिवसांवर फुल्या मारल्या आणि येण्याच्या दिवसाभोवती लाल गोल काढला. “या दिवशी झाडाखाली,” ती म्हणाली. त्या दिवशी पाऊस होता, मेलबर्नचा हिवाळ्यातला गारठा होता. ताई छत्री धरून झाडाखाली उभी होती.

त्यानंतर मुलगी आपणहून गोष्टी मागू लागली. टोकियो, झुरिक, बँकॉक, सगळं तिला ऐकायचं असे. नाणी पुन्हा बाहेर निघाली, कागदाचे पक्षी खिडकीत टांगले गेले. ताईचा अठरा देशांचा प्रवास वाया गेला नव्हता. ज्याच्यावर भरवसा बसलाय अशा माणसाच्या तोंडून तो मुलीला हवा होता. “तू कधी जाणार?” हा प्रश्न आता ती विचारत नसे.

परक्या देशात शिकायला जाणाऱ्या आपल्या मुलामुलींना मला एवढंच सांगायचं आहे. मुलं सांभाळायचं काम हलकं समजू नका, आणि केवळ खर्चाची तोंडमिळवणी म्हणूनही पत्करू नका. कार्ड, प्रमाणपत्र, अनुभव हे सगळं हवंच, त्याशिवाय कुणी दारात उभं करू नये. पण एका लहान जिवाची दुपार तुमच्या हाती दिली जाते, तेव्हा तुमच्या शब्दाची किंमत तिथं रोज ठरते. जितके दिवस नक्की येता येईल तितकेच दिवस कबूल करा. जायची वेळ आली तर आधी सांगा, नीट निरोप घ्या, परत येणार असाल तर दिवस सांगा आणि त्या दिवशी हजर राहा. हे ज्याला जमतं, त्याच्या हाती कोणतीही आई निर्धास्तपणे मूल सोपवील.

तात्पर्य : खूप फिरलेल्या माणसाचं मुलांना कौतुक वाटतं, पण विश्वास बसतो तो सांगितल्या वेळी परत येणाऱ्या माणसावर.