सीदोनातील अपुरी भेट

शास्त्रपाठ : प्रेषितांची कृत्ये 27:1-4



प्रेषितांच्या कृत्यांचा सत्ताविसावा अध्याय आपण बहुधा वादळासाठी वाचतो. ते भयंकर तुफान, समुद्रात टाकून दिलेला माल, फुटलेले तारू आणि फळ्यांच्या आधाराने किनाऱ्यास लागलेले 276 जीव यांच्याकडे आपली दृष्टी इतकी खेचली जाते की आरंभीचे तिसरे वचन हातून निसटून जाते. कैसरियाहून निघालेले तारू दुसऱ्या दिवशी सीदोन बंदरात थांबले. पौल बंदिवान होता. परंतु युल्य नावाच्या शताधिपतीने त्याला नगरातील आपल्या मित्रांकडे जाऊ दिले. पुढच्याच वचनात तारू पुन्हा समुद्रात आहे, आणि समोरून वारा आहे.

ही भेट किती वेळ चालली? लूक सांगत नाही. एरवी हा वैद्य दिवस मोजण्यात मोठा काटेकोर आहे. यरुशलेमेस जाताना ते सोर येथे सात दिवस राहिले, प्तलमैसात एक दिवस. पुढे इटलीच्या किनाऱ्यावर पुत्युलास पुन्हा सात दिवस. सोर तर सीदोनापासून 40 किलोमीटरही दूर नाही. तेथून निघताना सारी मंडळी बायकामुलांसह वाळूवर गुडघे टेकून प्रार्थना करीत होती, हे त्याने आवर्जून लिहिले. सीदोनात मात्र दिवसांचा आकडा नाही, निरोपाचे चित्र नाही, एकाही यजमानाचे नाव नाही. ऋतू उतरणीला लागला होता. नवव्या वचनात प्रायश्चित्ताच्या दिवसाचा उपासही होऊन गेल्याचे लूक लिहितो, म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबर. नोव्हेंबर ते मार्च हा समुद्र जहाजांना जवळजवळ बंदच असे. अशा वेळी तारवावरचा कोणता मनुष्य एका बंदिवानाचे बोलणे संपेपर्यंत थांबेल?

तथापि या अपुऱ्या भेटीसाठी लूकाने एक निवडक शब्द वापरला आहे. मित्रांकडून पौलाला जे मिळाले त्याला मूळ ग्रीक भाषेत ‘एपिमेलिया’ म्हटले आहे. हे नाम संपूर्ण नव्या करारात येथे एकदाच येते. त्याचे क्रियापद मात्र आपल्या परिचयाच्या ठिकाणी आहे. चांगल्या शोमरोन्याने जखमी माणसाला उतारशाळेत नेऊन जे केले आणि निघताना उतारशाळेच्या रक्षकाला जे करावयास सांगितले, ते हेच. हरवलेले नाणे दिवा लावून शोधणाऱ्या स्त्रीचा शोधही लूकाने याच कुळातील शब्दाने वर्णिला आहे. तारू निघण्यापूर्वीच्या काही घटकांत सीदोनच्या मित्रांनी जे केले, त्याला लूकाने शोमरोन्याच्या कृत्याच्या पंक्तीस बसविले.

भाषांतर करणाऱ्याची येथे पंचाईत होते. ‘शुश्रूषा’ म्हटले की रोग्याची खाट दिसते, ‘पाहुणचार’ म्हटला की पंगत दिसते आणि ‘सरबराई’ला सरकारी अंमलदाराच्या दौऱ्याचा वास येतो. राहता राहिला आपला साधा ‘काळजी’ हा शब्द. त्यात मराठीची मोठी गंमत आहे, कारण आपण काळजी करतोही आणि काळजी घेतोही. करावयाची काळजी घरी बसून, रात्री अंथरुणात पडून करता येते. घ्यावयाची काळजी घेण्यासाठी मात्र त्या माणसाच्या दारी जावे लागते. सीदोनच्या मंडळीने पौलाची काळजी दोन वर्षे केली असेल. तो कैसरियात अटकेत होता. ती घेण्याची संधी त्यांना त्या दिवशी मिळाली. तीही एका रोमी सैनिकाच्या माणुसकीमुळे.

दिल्लीहून जयपूरकडे जाणाऱ्या महामार्गावर, गुरुग्रामच्या पुढे, अरवलीच्या टेकड्यांजवळ मानेसर आहे. मोटारी आणि त्यांचे सुटे भाग बनविणाऱ्या कारखान्यांमुळे पुणे-पिंपरीकडील तरुण तेथे नोकरीस जातात, आणि त्यांच्या मागोमाग कधी कधी त्यांचे वृद्ध आईवडीलही. धर्मशिक्षणाच्या दिवसांतला माझा एक मित्र असाच मुलाकडे राहावयास गेला. आयुष्यभर मराठी मंडळीत पाळकपण केलेला हा मनुष्य. पत्नी आदल्या हिवाळ्यात प्रभूकडे गेली होती. घरात मराठी, दाराबाहेर पाऊल टाकले की हिंदी आणि हरियाणवी. मी कामानिमित्त दिल्लीला गेलो असता एक रात्र त्याच्याकडे राहण्याचे ठरले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी निजामुद्दीनहून माझी परतीची गाडी होती.

दुपारी आभाळ काळे झाले. आपल्याकडे कोकणात अशा पावसाकडे कोणी मान वर करून पाहणार नाही. परंतु त्या भागातील लोक 2016 साल विसरलेले नाहीत. त्या वर्षी 28 जुलैच्या पावसाने बादशाहपूर नाला तुंबला, महामार्गावरील हीरो होंडा चौक पाण्याखाली गेला आणि असंख्य माणसे रात्रभर वाहनांत अडकून पडली. चौकाभोवती जमावबंदी लागू करावी लागली, शाळांना सुटी द्यावी लागली, आणि दिल्लीच्या लोकांनी इकडे येऊ नये अशी विनंती पोलिसांना करावी लागली. अरवलीवरून उतरणाऱ्या पाण्याच्या वाटांवर इमारती उभ्या राहिल्या, म्हणजे पाणी रस्त्याने वाहणारच. पण तो वेगळा विषय आहे. मानेसरहून दिल्लीला जाणारा महामार्ग त्याच चौकातून जातो.

मित्राचा मुलगा म्हणाला, “काका, राहा असंच म्हणायला हवं मी. पण आत्ता निघालात तरच उद्याची गाडी मिळेल.”

तीन तासांत भेट आटोपली. तोवर आम्ही बोललो होतो ते जुन्या सोबत्यांविषयी, गुडघ्यांच्या दुखण्याविषयी. पत्नीचा विषय त्याने काढला नव्हता. तो आता निघेल असे वाटत असतानाच पावसाची सर आली. छत्री घेऊन तो फाटकापर्यंत आला व म्हणाला, “अरे, बोलायचं ते राहिलंच.” मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. आम्ही तेथेच, पावसात, प्रभूची प्रार्थना म्हटली. त्याला मोठ्याने मराठीत प्रार्थना करावयास पुष्कळ दिवसांत सोबती मिळाला नव्हता, असे त्याने मागाहून मला लिहिले.

अशा वेळी आपल्या ओठांवर एक वाक्य अगदी तयार असते: ‘देवाचीच तशी इच्छा असेल.’ बंधुभगिनींनो, हे वाक्य उच्चारण्यास इतकी घाई करू नये असे मला वाटते. वारे व तुफान देवाचा शब्द पाळतात असे स्तोत्रकर्ता म्हणतो, आणि ते सत्य आहे. परंतु प्रत्येक ढगावर आपल्या नावाची चिठ्ठी असते असे तो म्हणत नाही. थेस्सलनीकाकरांची भेट तुटली तेव्हा आपण पोरके झालो असे पौल लिहितो आणि आडवा आला तो सैतान, असे स्पष्ट सांगतो. येथे सीदोनाबाहेर मात्र लूक वाऱ्यावर ना देवाचे नाव घालतो, ना सैतानाचे. वारा समोरचा होता, म्हणून ते कुप्राच्या आडोशाने गेले, इतकेच. हवामानाला हवामान म्हणण्याचे हे धैर्य पवित्र शास्त्रात आहे. ‘देवाची इच्छा’ असे म्हणून आपण पुष्कळदा त्या भेटीचा हिशेब मिटवून टाकतो, आणि दारात उभ्या असलेल्या माणसाचे राहिलेले बोलणे कायमचे राहून जाते.

म्हणून धावती भेट पुरेशी असते असेही मी म्हणणार नाही. पौल तसे म्हणत नाही. करिंथकरांना त्याने कळविले होते की तुम्हांला जाता जाता पाहण्याची माझी इच्छा नाही. जमल्यास हिवाळाभर राहीन. मैत्रीला वेळ लागतो, दुःखाला तर त्याहून अधिक. त्याला राहावयाचे होते तेथे प्रत्येक वेळी राहता आले नाही, आणि जेथे राहण्याचे मनातही नव्हते त्या मिलिता बेटावर तीन महिने काढावे लागले. तेथील परक्या लोकांनी पाऊस व थंडी पाहून शेकोटी पेटविली. युल्याच्या वागण्याला लूकाने जो माणुसकीचा शब्द लावला, त्याच मुळातील शब्द तो या बेटकऱ्यांनाही लावतो. एकाने बंदिवानाला मित्रांकडे जाऊ दिले, दुसऱ्यांनी भिजलेल्यांना विस्तवाजवळ घेतले, दोघेही मंडळीबाहेरचे. आपल्या वाटेवर असा एखादा युल्य भेटला, तर त्याला ओळखावे व त्याचे आभार मानावेत.

तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या अखेरीस पौल पुन्हा बंदिवासात आहे. लूकाखेरीज जवळ कोणी नाही. कार्पाच्या घरी त्रोवसात राहिलेला झगा त्याला हवा आहे. थंडी येत आहे. हिवाळ्याच्या आधी ये, असे तो तीमथ्याला विनवितो. हे प्रवासाचे साधे गणित आहे. समुद्र एकदा बंद झाला म्हणजे प्रीती कितीही असो, वसंतापर्यंत तारू सुटत नाही, आणि रोममधील म्हातारा वसंतापर्यंत थांबेल याची शाश्वती नाही.

आपल्या मंडळीतील किती कुटुंबांचे कोणी ना कोणी आज असे दूर आहे! मानेसर, भिवाडी, नोएडा. आपण म्हणतो, चांगली चार दिवसांची रजा मिळू दे, मग सवडीने जाऊ. ती रजा नाताळात मिळते, आणि तेव्हा त्या प्रदेशात धुके असे उतरते की कित्येकदा 50 मीटरपलीकडचे दिसत नाही, गाड्या तासन्‌तास उशिरा धावतात. पावसाळ्यात रस्ते तुंबतात. दसऱ्यापासून नोव्हेंबरच्या अखेरीपर्यंत पाणी नसते आणि दाट धुकेही सहसा नसते. हवेत धूर असतो खरा, पण वाट चालू असते. दोनच दिवस मिळाले तर दोन दिवसांसाठी जा. राहिलेले बोलणे आपल्या वहीत लिहून ठेवा व पुढील खेपेस तेथूनच सुरुवात करा. मधल्या काळात दूरध्वनीवर ते घाईने उरकू नका. योहानानेही कागद-शाई बाजूस ठेवून समोरासमोर बोलण्याची आशा धरली होती.

आणि एकटे जाऊ नका. पौलाने तीमथ्याला येताना मार्कालाही घेऊन यावयास सांगितले होते. घरातील एखादा तरुण बरोबर घ्या, पिशवीत उपासनासंगीताची एक प्रत टाका. माझ्या मित्राची प्रत नगरलाच राहिली होती. आणि मानेसरमधील त्याच्या नातवंडांना मराठी बोलता येते, पण अक्षर लागत नाही, तेव्हा पहिले कडवे कोणीतरी म्हणून दाखवावेच लागेल.