रिकाम्या टोपलीचे सुख

ज्या प्रेमाला फळ येत नाही, ते शहाणपणाचे म्हणावे काय? सुटीच्या दिवशी एखादे दांपत्य उदगीर तालुक्यातील तिरू जलाशयाच्या काठी गळ टाकून बसते. सायंकाळी टोपली रिकामीच असते. तरी दिवस वाया गेला, असे दोघांनाही वाटत नाही.

हॉकीच्या चाहत्याचेही असेच. १९८० साली मॉस्कोत भारताने सुवर्णपदक जिंकले. त्यापुढचे ऑलिंपिक पदक, टोकियोचे कांस्य, २०२१ साली आले. मधल्या काळात खडकीचे धनराज पिल्ले १९९२ ते २००४ अशा चार ऑलिंपिक स्पर्धा खेळले. पदक एकदाही लाभले नाही. तरी त्यांच्यावर जीव लावणाऱ्यांचे प्रेम आटले नाही.

निकाल आपल्या हाती नसतो, सोबत करणे मात्र असते, असे आम्हांस वाटते. २०१६ साली लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले. असे कोरडे उन्हाळे संसारातही येतात. वेदीसमोर पतिपत्नी परस्परांना वचन देतात, त्यात फळाची अट नसते. सुखाइतकाच दुःखाचाही उल्लेख त्यात असतो. टोपली रिकामी असता जोडीदाराशेजारी बसून राहणाऱ्यालाच त्या वचनाचा अर्थ उमगतो.